बेटाचा चर कोणी खणला

“त्या वर्षी वैशाखात तलावाचे पाणी इतके उतरले की मधले बेट काठाला जोडले जाऊ लागले. धनगरांची मेंढरे आणि कुत्री बेटावर शिरून पक्ष्यांची अंडी फस्त करणार, हे ओळखून इंजिनियरसाहेबांनी तत्काळ हुकूम दिला आणि सरकारी मजुरांकरवी चर खणवून बेट राखले. अडाणी मेंढपाळांच्या तावडीतून ते मुके जीव एका परक्या माणसाने सोडवले, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे.”

हा मजकूर गेल्या दिवाळीत एका अंकात छापून आला. लिहिणारे सोलापुरातील एक निवृत्त वकील आहेत. त्यांचे नाव मी घेत नाही. ज्यांनी लेख वाचला त्यांना ते ठाऊक आहे, आणि त्यांना स्वतःला तर आहेच. स्मरणशक्ती म्हातारपणी दगा देते, हे मी स्वतःवरून जाणतो, म्हणून प्रथम मी हसून अंक बाजूला ठेवला होता. परंतु उन्हाळ्याच्या तोंडाशी बिराप्पा धनगर माझ्या दारात येऊन उभा राहिला. तलावाच्या पोटात मेंढरे पाण्यावर आणण्यास कायमची बंदी करावी, असा अर्ज काही मंडळींनी वर पाठवला आहे, आणि पुरावा म्हणून त्या अर्जाला वकीलसाहेबांचा लेख जोडला आहे, असे तो सांगत होता.

“रावसाब, माजा बा अंडी खाणारा व्हता व्हय?” बिराप्पाने विचारले. त्याच्या मिशा आता पांढऱ्या झाल्या आहेत. “तसं आसंल तर सांगा. मी मेंढरं घिऊन जातो दुसरीकडं. पर नसंल, तर तुमी लिवा. तुमास्नी लिवता येतंय की.”

मला लिहिता येते. म्हणून लिहितो.

सन तीसच्या अलीकडे-पलीकडे मी शहराच्या उत्तरेच्या तलावावर कारकून होतो. तलावावरचा कारकून काय करतो, असे मला माझे सासरेदेखील विचारीत. पाणी राखतो, हे थोडक्यात उत्तर. सकाळी मापाच्या खांबावर पाण्याची उंची पाहायची, वरून चिठ्ठी येईल त्याप्रमाणे शहराकडे पाणी सोडणाऱ्या मोरीचे दार उघडायचे किंवा पाडायचे, चोरून जाळे टाकणाऱ्यांना हाकलायचे, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघडी पडणारी गाळाची जमीन वाटून द्यायची. त्या जमिनीला गाळपेर म्हणतात. पावसाळ्यात ज्या जागी दोन पुरुष पाणी असते, त्या जागी चैत्रात कलिंगडाचे वेल पसरलेले असतात. पाणी जसे उतरते तसा बागवान पुढे सरकतो, आणि आषाढात पाणी त्याला हाकलून पुन्हा आपली जागा घेते. या कामात भांडणे असतात, आणि भांडणे मिटवण्यात मी कधी हार गेलो नाही.

पक्ष्यांचे काम मला कोणी दिले नव्हते. परंतु जो माणूस वर्षानुवर्षे रोज सकाळी एकाच पाण्याकडे पाहतो, त्याला त्या पाण्यावर कोण आले आणि कोण गेले हे कळल्याशिवाय राहत नाही. फाल्गुन संपता संपता डोक्यावर काळे पट्टे असलेले राजहंस थव्याने उठून उत्तरेकडे जात. बदके विरळ होत. मग चैत्रात काही दिवसांपुरते कुरव उतरत. कुरव हा समुद्राचा पक्षी. हिवाळाभर कोकणच्या किनाऱ्यावर असतो, आणि उन्हाळ्याच्या आधी डोके तपकिरी करून घेऊन हिमालयापलीकडच्या सरोवरांकडे निघतो. जाताना आमच्या तलावावर मुक्काम करी. ‘समुद्र कुठे आणि सोलापूर कुठे,’ असे म्हणून मला खोटे पाडणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी बांधावर उभे करून पक्षी दाखवीत असे. एक गृहस्थ मात्र कधी वाद घालायला आले नाहीत. ते मालवणकडचे, पोस्टात होते, आणि बदलीने सोलापूरच्या उन्हात येऊन पडले होते. कुरव आल्याचे मी निरोपाने कळवले की सुट्टीच्या दिवशी सायकल हाणत येत, बांधावर पंचा टाकून बसत आणि पक्ष्यांकडे पाहून म्हणत, “काय रे, गावाक सगळा बरा मा?” मग डोळे पुसत. ऊन लागते म्हणत.

वकीलसाहेबांनी त्याच लेखात पुढे लिहिले आहे की बेटावर अंडी घातली ती कुरवांनी. येथेच त्यांचे पितळ उघडे पडते. कुरव आमच्याकडे अंडी घालीत नाही. तो वाटसरू आहे. बेटावर अंडी घालणारा तो सुरय. दिसायला कुरवाच्या कुळातला, परंतु सडपातळ, टोकदार पंखांचा, शेपटी कातरीसारखी दुभंगलेली, डोक्यावर काळी टोपी. कुरव गेले की सुरयांचा गलका सुरू होई. घरटे म्हणजे उघड्या मुरमावर छातीने केलेली एक खळी. त्यात मातीच्याच रंगाची दोन-तीन अंडी. सोलापूरच्या वैशाखात उघड्या मुरमावर अंडे ठेवणे म्हणजे तव्यावर ठेवणे. म्हणून नर-मादी आळीपाळीने बसतात, आणि पाण्यावर जाऊन पोट भिजवून येतात, ते ओले पोट अंड्यांवर टेकतात. पक्षी अर्धा तास उठून राहिला तर आत पिल्लू शिजते. ज्याला हे ठाऊक नाही त्याने बेटावर पाऊल ठेवू नये, आणि बेटाविषयी लिहूही नये.

इंजिनियरसाहेब चैत्रात एकदाच आले होते, ही गोष्ट खरी. वकीलसाहेब तेव्हा कॉलेजात शिकत होते आणि इंग्रजी बोलण्याच्या हौसेने त्यांच्याबरोबर आले होते, हेही खरे. साहेबांची मी निंदा करणार नाही. माणूस सभ्य होता, दुर्बिणीतून तासभर पाहत राहिला, आणि बेटावर उतरला नाही, याबद्दल मी त्याला मान देतो. मी त्यांना काठाकडची मान दाखवली. बेटापासून काठापर्यंत पाण्याखालून मुरमाचा एक उंचवटा जातो, त्याला आम्ही मान म्हणत असू. त्या वर्षी पाऊस ओढला होता आणि शहराला पाणी अधिक सोडावे लागत होते. मान लवकरच उघडी पडणार, आणि त्यावरून कोल्हे, कुत्री, माणसे, सगळी चालत बेटावर जाणार, हे मी मापाच्या खांबावरून सांगू शकत होतो.

“मानेवर आडवा चर घेतला तर बेट पिल्ले उडेपर्यंत बेट राहील,” मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली. “उत्तम कल्पना. एस्टिमेट पाठवा.”

मी एस्टिमेट पाठवले. मंजुरीही आली. ती आली तेव्हा मानेवर माझ्या डोक्याइतके पाणी होते आणि पिल्ले कधीच उडून गेली होती. वकीलसाहेब ज्याला तत्काळ हुकूम म्हणतात तो हा.

मान उघडी पडली तेव्हा बेटावर बहुतेक खळ्यांत अंडी होती. पहिल्याच सकाळी मानेच्या ओलसर मुरमावर कोल्ह्याची पावले उमटलेली दिसली आणि काठाकडच्या काही खळ्या रिकाम्या झाल्या होत्या. मोरी बंद करणे माझ्या हातात नव्हते. शहर तहानलेले होते. माझ्याजवळ मजूर नव्हते. एक चौकीदार होता, त्याला दमा होता. परंतु काम करायचे हे मी ठरवले होते, आणि ठरवलेले काम सोडण्याची सवय मला त्या वयातही नव्हती.

मायाप्पा धनगर, म्हणजे बिराप्पाचा बाप, दर उन्हाळ्यात मंद्रूपच्या पलीकडून मेंढरे घेऊन तलावावर येई. बायको लगमव्वा बरोबर असे. बिराप्पा त्या वर्षी अर्धी मेंढरे घेऊन दुसरीकडे गेला होता. त्या सकाळी मी मायाप्पाला शोधत गेलो तेव्हा तो मांडीपर्यंत गाळात उभा होता. एक गाभण मेंढी पाण्याच्या ओढीने पुढे गेली होती आणि पोटापर्यंत रुतली होती. तलाव उतरला की हेच होते. पाणी समोर दिसते, मध्ये गाळाचा पट्टा असतो, वरून वाळलेला, आतून लोण्यासारखा. आदल्या दोन दिवसांत त्याच्या दोन मेंढ्या अशाच गेल्या होत्या. मी धोतर खोचून उतरलो. आम्ही दोघांनी मेंढी ओढून काढली. ती उभी राहिली, अंग झाडले, आणि सगळा चिखल माझ्या कोटावर आला.

“रावसाब, आता तुमी बी आमच्यातलंच दिसताय,” लगमव्वा काठावरून म्हणाली.

मी चराची गोष्ट काढली. मायाप्पा हसला.

“पाखरास्नी चर खणू मी? अन् माजी मेंढरं काय टाळ्या वाजवत बसत्याली?”

“पाखरांसाठी खणू नकोस. पाण्यासाठी खण,” मी म्हणालो. “मान मुरमाची आहे. तिच्यावर मेंढी रुतत नाही. चर आडवा काढला की दोन्हीकडचे पाणी त्यात येईल. तुझी मेंढरे टणक जमिनीवर उभी राहून पितील. एकही गाळात जाणार नाही.”

मायाप्पाने चिलीम काढली, पेटवली नाही, नुसती हातात फिरवली. त्याने मानेकडे पाहिले, मग मेंढीकडे.

“चराच्या पल्याड?”

“पल्याड बेट. तिकडे मेंढरू जायचे नाही आणि कुत्रेही नाही. तुझी कुत्री काठावर बांधलेली राहतील.”

“कुत्री बांदून ठिवली तर लांडगा आला म्हंजी?”

याचे उत्तर लगमव्वेने दिले. “आवं, ती पाखरं काय मुकी हायती? काल सांच्याला कोल्हं आलं तवा केवढा कालवा केला! तुमची कुत्री तवा निजल्याली. पाखरं वरडली की सोडायची कुत्री.”

“मंग खणू की,” मायाप्पा म्हणाला.

हे ते वकीलसाहेबांचे अडाणी मेंढपाळ. मेंढी अंडे तुडवीत नाही किंवा कुत्रे अंडे खात नाही, असे मी म्हणत नाही. जनावर ते जनावर. परंतु जनावरामागे माणूस असतो, आणि त्या माणसाशी त्याच्या फायद्याची भाषा बोलली तर तो दिलेला शब्द पाळतो. चर खणून झाल्यावर मायाप्पाची मेंढरे रोज त्याच्या काठावर पाणी प्याली आणि एकही पलीकडे गेली नाही. पिल्ले उडाली ती मी आणि मायाप्पाने मानेवर शेजारी उभे राहून पाहिली.

खणण्याआधी एक अडथळा होता, तो म्हणजे रसूल बागवान. मानेच्या कडेला त्याचे कलिंगडाचे वेल होते. मी दोरी घेऊन चराची रेघ आखू लागलो तेव्हा तो खुरपे हातात घेऊनच आला.

“अजी कारकूनसाब, ये क्या करते जी? मेरे बेलां के बाजू में चर? कल को बकरे आते, परसों बेलां खाते. फिर मैं क्या खाऊं, तुम्हारे परिंदां?”

“बकरं न्हाईत, मेंढरं हायती,” मायाप्पा म्हणाला.

“पेट तो वहीच है ना!”

भांडण चांगले रंगले. दोघांच्याही बापांचा उद्धार झाला. रसूलचा मुद्दा मात्र खरा होता, आणि खरा मुद्दा मी भांडणात कधी नाकारीत नाही. मेंढरे चरावर येणार, आणि चर वेलांना लागून. मी दोघांना उन्हातून उठवून माझ्या चौकीच्या सावलीत बसवले आणि सांगितले की चरातून निघणारा मुरूम रसूलच्या बाजूला टाकायचा, त्याचा बांध करायचा, आणि त्यावर मायाप्पाने बाभळीचे काटे लावायचे. रसूलने बांधाची उंची हाताने दाखवली. मायाप्पाने त्याहून थोडी कमी दाखवली. शेवटी रसूलच म्हणाला, “हौ. पन कांटे मैं लगातूं. इसका भरोसा नक्को.” आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःचे फावडे घेऊन खणायला आला, कारण मुरूम आपल्या मनाजोगता पडतो की नाही हे त्याला पाहायचे होते. पाहता पाहता त्याने सर्वांत जास्त खणले. लेखातले सरकारी मजूर ते हे: एक धनगर, त्याची बायको, एक बागवान आणि एक कारकून. सरकारचे म्हणाल तर माझे पागोटे तेवढे होते, आणि तेही मी मापाच्या खांबावर अडकवून ठेवले होते.

खणायची वेळ मी ठरवून दिली होती. फटफटल्यापासून शहरातल्या गिरणीचा सकाळचा मोठा भोंगा होईपर्यंत, त्यापुढे फावडे उचलायचे नाही. माणसांच्या चाहुलीने पक्षी उठले तरी सकाळच्या गारव्यात अंड्यांना इजा होत नाही. ऊन चढल्यावर होते. मुरूम कठीण होता. रसूलच्या कुदळीची धार गेली, माझ्या तळहातांची कातडी गेली. लगमव्वा पाटीने मुरूम वाहताना आमच्याकडे पाहून म्हणे, “तिघं गडी म्हणं! माजी मेंढी खुरानं ह्याच्या परीस बेस उकरती.” तिने आणलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही मुरमाच्या ढिगावर बसून खात असू, रसूल आपले फडके वेगळे सोडी, पण चटणी तिचीच घेई. कोल्हा रोज येत होता. खळ्या रोज रिकाम्या होत होत्या. म्हणून रोज काम करणे भाग होते.

आता तो मुद्दा, ज्यावर मी हा वाद संपवणार आहे.

ज्या सकाळी काम संपणार असे वाटले, त्या सकाळी चर मानेच्या मध्यापलीकडे गेला होता आणि दुसऱ्या बाजूचे पाणी हाताशी दिसत होते. रसूल पुढे होता. त्याने कुदळ उगारली आणि लगमव्वा ओरडली, “नोड, नोड!” कानडीत याचा अर्थ ‘बघ’. आखलेल्या दोरीच्या अगदी खाली, उघड्या मुरमावर, तीन अंडी होती. सुरयाची एक जोडी कळपापासून फुटून मानेवर बसली होती, आणि आमच्या डोक्यांवर घिरट्या घालीत होती ती तीच.

रसूलने कुदळ खाली केली. “उठाके बाजू में रखूं?”

“हात लावू नगंस,” लगमव्वा म्हणाली. “जागा हलली की ती बसत न्हाय. मेंढी बी कोकरू हलवलं की वळखत न्हाय.”

“फिर क्या करना? इधर पानी दिख रहा, चार हात पे!”

मायाप्पाने दोरीकडे पाहिले, अंड्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. सरळ रेघेत उरलेले काम त्याच सकाळी संपले असते. वळसा घेतला तर दुप्पट खणावे लागणार होते, आणि तेही मुरमाच्या सर्वांत कठीण भागातून. आणखी एक दिवस मेंढरे गाळात जाणार होती. नुकसान झाले असते तर ते त्याचे झाले असते.

“रावसाब,” तो म्हणाला, “ती दोरी काडा.”

मी खुंटी उपटली. लगमव्वेने आम्हांला पक्ष्याकडे पाठ करून उभे राहायला लावले. व्यालेल्या मेंढीजवळ धनगर असेच जातात, डोळ्याला डोळा दिला नाही की ती भीत नाही, असे ती म्हणाली. आम्ही पाठ फिरवून खणत राहिलो. थोडे खणायचे, मागे सरायचे, पक्षी बसू द्यायचा, पुन्हा खणायचे. भोंगा झाला तेव्हा काम अपुरे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसेच. दोन्हीकडचे पाणी चरात येऊन मिळाले, तेव्हा पक्षी ओले पोट घेऊन परतला आणि अंड्यांवर टेकला. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही.

ज्यांनी अर्ज केला त्यांना, आणि ज्यांचा लेख अर्जाला जोडला त्यांना, माझे सांगणे एवढेच आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी म्हातारा आहे, मायाप्पाचा मित्र होतो, आणि भांडखोर म्हणून प्रसिद्ध आहे. येत्या वैशाखात पाणी उतरले की स्वतः मानेवर चालत जा. मुरमात खणलेला चर गाळाने अर्धा भरला असेल, परंतु बुजलेला नाही. सरकारी चर दोरीने खणतात आणि दोरीनेच मोजून घेतात. वाकड्या चराला खात्यात मंजुरी नाही आणि मजुरी तर नाहीच. हा चर मानेच्या एका कडेपासून मध्याच्या पलीकडेपर्यंत सुतासारखा सरळ आहे, आणि तेथे, जिथे वळायला जमिनीने काही कारण दिलेले नाही, तो तीन अंड्यांच्या जागेला वळसा घालून जातो.